आलेखावरची तिरकी रेघ

मागच्या अंकात टीमच्या डॅशबोर्डवर कोणते आलेख असावेत याबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा आला: आलेखावर ट्रेंडलाइन, म्हणजे आकड्यांचा एकंदर कल दाखवणारी सरळ रेघ, टाकायची कशी, आणि टाकल्यावर तिचं कितपत ऐकायचं. म्हणून या वेळचं सदर त्यालाच दिलं आहे. पत्रं वाचताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. बहुतेकांची रेघ बिघडते ती आडव्या अक्षामुळे. उभ्या अक्षावरचे आकडे सगळे तपासतात, पण आडव्या अक्षावर कोडने नेमकं काय धरलंय हे क्वचितच कोणी बघतं.

प्रश्न: दर आठवड्याला आमच्या बिल्डला (कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर तयार करायला) सरासरी किती मिनिटं लागली याचा आलेख डॅशबोर्डवर आहे. चार्ट डॉट जेएस ही आलेख काढायची जावास्क्रिप्ट लायब्ररी वापरतो. त्यात ट्रेंडलाइनची आयती सोय नाही. प्लगइन घेऊ की स्वतः लिहू? गणिताशी संबंध बारावीनंतर सुटला आहे.
(फ्रंट-एंड डेव्हलपर, ऐरोली)

उत्तर: स्वतः लिहा. पंधरा-वीस ओळींचं काम आहे. प्लगइन वाईट असतं असं नाही, पण ते आडव्या अक्षावर तारीख धरतं की नुसता अनुक्रमांक, रिकाम्या जागा कशा हाताळतं, हे त्याचा कोड उघडल्याशिवाय कळत नाही. तेवढ्या वेळात तुमचं फंक्शन लिहून होईल.

पद्धत जुनीच आहे, लघुत्तम वर्गांची. लजांद्र या फ्रेंच गणितज्ञाने ती १८०५ मध्ये धूमकेतूंच्या कक्षा काढण्यासाठी छापली. प्रत्येक बिंदूपासून रेघेपर्यंतचं उभं अंतर घ्यायचं, त्याचा वर्ग करायचा, आणि या वर्गांची बेरीज सर्वांत कमी येईल ती रेघ निवडायची. एक उदाहरण हाताने सोडवू. यातले आकडे कागदावर लिहून ठेवा, पुढच्या उत्तरांतही तेच लागणार आहेत.

आठवडे १, २, ३, ४, ५. बिल्डची मिनिटं अनुक्रमे १२, १४, १३, १६, २०. आठवड्यांची सरासरी ३, मिनिटांची सरासरी १५. आता प्रत्येक आकडा आपापल्या सरासरीपासून किती दूर आहे ते काढा. आठवड्यांसाठी: −२, −१, ०, १, २. मिनिटांसाठी: −३, −१, −२, १, ५. जोडीजोडीने गुणा आणि बेरीज करा: ६ + १ + ० + १ + १० = १८. मग आठवड्यांच्या फरकांचे वर्ग: ४ + १ + ० + १ + ४ = १०. अठराला दहाने भागलं की चढ मिळाला, १.८. म्हणजे बिल्डचा वेळ दर आठवड्याला सरासरी १.८ मिनिटांनी वाढतोय. रेघ नेहमी दोन्ही सरासरींच्या बिंदूतून जाते, म्हणून सुरुवातीचा आकडा (आडव्या अक्षावर शून्य असताना रेघ जिथे असते तो) १५ − १.८ × ३ = ९.६. झालं. पहिल्या आठवड्यात रेघ ११.४ वर, पाचव्या आठवड्यात १८.६ वर.

फंक्शनला कामाला लावण्याआधी याच पाच जोड्या त्याला द्या. १.८ आणि ९.६ आले तरच पुढे जा. ही टेस्ट कायमची ठेवा.

फंक्शनमध्ये दोन अडसर आधीच घाला. बिंदू दोनाहून कमी असतील तर रेघ काढू नका. आणि आडव्या अक्षाच्या फरकांच्या वर्गांची बेरीज शून्य आली, म्हणजे सगळे बिंदू एकाच क्षणाचे असले, तरीही काढू नका. नाहीतर शून्याने भागाकार होतो, उत्तर 'नॅन' (म्हणजे 'संख्या नाही') येतं, आणि चार्ट डॉट जेएस काहीही न बोलता रेघ गाळून टाकतं. मग तासभर तुम्ही स्टाइलमध्ये चूक शोधत बसता.

रेघ दाखवण्यासाठी त्याच चार्टमध्ये 'लाइन' प्रकारचा दुसरा डेटासेट जोडा. बिंदूंची त्रिज्या शून्य, वक्रता शून्य, रेघ तुटक (सहा पिक्सेल रेघ, चार पिक्सेल मोकळी). अक्ष वेळेचा किंवा सरळ आकड्यांचा असेल तर क्ष आणि य दोन्ही देऊन फक्त दोन टोकांचे बिंदू पुरतात. वेळेच्या अक्षासाठी तिसऱ्या आवृत्तीपासून तारखांचं अडॅप्टर वेगळं बसवावं लागतं, ते विसरू नका. अक्ष लेबलांचा असेल तर मात्र प्रत्येक लेबलला एक किंमत द्या. नुसते दोन आकडे दिलेत तर ते पहिल्या दोन लेबलांवर जाऊन बसतात आणि रेघ डाव्या कोपऱ्यात आखडून राहते.

प्रश्न: असाच हिशेब आम्ही एपीआयच्या रिस्पॉन्स टाइमवर (सर्व्हरला उत्तर द्यायला लागणाऱ्या वेळेवर) करतो. महिनाभराच्या आलेखावर रेघ बरोबर येते. 'शेवटचं एक मिनिट' निवडलं की ती कधी उभीच्या उभी जाते, कधी उलटी, कधी गायब. कोड एकच आहे. दर सेकंदाला एक नोंद, अशा साठ नोंदी असतात.
(बॅक-एंड डेव्हलपर, महापे)

उत्तर: तुमचा आडवा अक्ष मिलिसेकंदांत आहे आणि तुम्ही 'वर्गांची बेरीज वजा बेरजेचा वर्ग' हे सूत्र वापरताय, असं तुम्ही पाठवलेल्या तुकड्यावरून दिसतं. चूक तिथेच आहे.

जावास्क्रिप्टमधली वेळ म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे मिलिसेकंद. आज तो आकडा तेरा अंकी आहे. त्याचा वर्ग पंचवीस अंकी होतो. जावास्क्रिप्टची संख्या मात्र पंधरा-सोळा अंकच नीट धरते, पुढचे अंक गोळाबेरीज होऊन जातात. एका सेकंदाच्या अंतराने साठ नोंदी असतील तर फरकांच्या वर्गांची खरी बेरीज सुमारे १,८०० कोटी येते. तुमचं सूत्र ती दोन प्रचंड संख्यांच्या वजाबाकीतून काढतं, आणि त्या आकाराला संगणक जवळच्या ज्या दोन संख्या वेगळ्या ओळखू शकतो त्यांच्यातलं अंतरच सुमारे ३,४०० कोटी आहे. म्हणजे मोजपट्टीवरची सर्वांत लहान खूण मोजायच्या वस्तूहून मोठी. उत्तर शून्य येईल, ऋण येईल, काहीही येईल. महिनाभराच्या आलेखात खरी बेरीजच कैक पटींनी मोठी असल्यामुळे ही चूक तिच्यात बुडून जाते. म्हणून टेस्टिंगमध्ये ती कधी सापडत नाही.

इलाज सोपा. प्रत्येक वेळेतून पहिल्या नोंदीची वेळ वजा करा आणि १,००० ने भागून सेकंद करा (दिवस हवे असतील तर ८,६४,००,००० ने भागा). मग ऐरोलीच्या उत्तरात केलं तसं, आधी सरासरी काढून नंतर फरकांवर काम करा. दोन फेऱ्या लागतात, पण उत्तर खरं येतं. चढही 'दर सेकंदाला किती' असा वाचता येतो.

प्रश्न: एक्सेलमध्ये ट्रेंडलाइन काढली, 'समीकरण दाखवा' वर टिक केलं आणि ते समीकरण आमच्या रिपोर्टच्या कोडमध्ये टाकलं. आलेखावरची रेघ आणि कोडमधले आकडे जुळत नाहीत. दोन-अडीच मिनिटांचा फरक पडतो.
(टेस्टर, वागळे इस्टेट, ठाणे)

उत्तर: लेबलवर दिसतं ते समीकरण कापलेलं असतं. एक्सेल तारखेला अनुक्रमांकाने ओळखतं. ६ जानेवारी २०२५ हा सोमवार त्याच्या लेखी ४५६६३ आहे. वरचेच पाच आठवडे या तारखेपासून सुरू झाले असं धरा. दर आठवड्याला १.८ मिनिटं म्हणजे दर दिवसाला ०.२५७१४२८५७… लेबलवर त्याचं ०.२५७१ होतं आणि सुरुवातीचा −११७३०.५१ हा आकडा −११७३१ होतो. दिसायला फरक किरकोळ. पण ०.२५७१ ला ४५६६३ ने गुणून ११७३१ वजा करा: ८.९६ येतात. खरं उत्तर ११.४ आहे. चौथ्या दशांशानंतर टाकलेला तुकडा पंचेचाळीस हजारांनी गुणला गेला की दोन मिनिटं होतो. तुमचे दोन-अडीच मिनिट तिथूनच आले.

समीकरणाच्या लेबलवर राइट-क्लिक करून आकड्यांचं फॉरमॅट बदलता येतं, दशांश पंधरापर्यंत वाढवता येतात. त्यापेक्षा स्लोप (चढ) आणि इंटरसेप्ट (सुरुवातीचा आकडा) ही दोन फंक्शन सेलमध्ये वापरा, ती पूर्ण आकडा देतात. दोन्हींत आधी उभ्या अक्षाचे आकडे द्यायचे, मग आडव्या अक्षाचे. उलटं दिलंत तर एरर येत नाही, चुकीचा चढ येतो. सर्वांत चांगलं म्हणजे तारखेऐवजी 'पहिल्या दिवसापासून किती दिवस' असा वेगळा कॉलम करा, मग प्रश्नच मिटतो.

दुसरंही एक तपासून घ्या: चार्टचा प्रकार कोणता आहे? 'लाइन' चार्टवर आडवी लेबलं मजकूर म्हणून असतील तर ट्रेंडलाइन त्यांना १, २, ३, ४ असंच मोजते. दिवाळीच्या दोन आठवड्यांत बिल्ड झालंच नाही आणि त्या ओळी शीटमध्ये नाहीत, तरी तिच्या दृष्टीने आधीचा आठवडा आणि नंतरचा आठवडा शेजारी-शेजारी. ट्रेंडलाइनसाठी नेहमी 'स्कॅटर' चार्ट घ्या.

प्रश्न: काही दिवशी मोजणीच झाली नाही. तिथे डेटाबेसमधून नल (रिकामी किंमत) येतो. आलेखात तिथे रेघ तुटलेली दिसते, ते बरोबर. पण ट्रेंडलाइन सगळ्या बिंदूंच्या खालून का जाते?
(इंटर्न, रबाळे)

उत्तर: जावास्क्रिप्टमध्ये नलला कशाने गुणलं तरी शून्य येतं. तुमच्या हिशेबात त्या दिवशी बिल्डला शून्य मिनिटं लागली. चार्ट नल ओळखतो, तुमचं फंक्शन ओळखत नाही. हिशेबाआधी गाळणी लावा, आणि ती लावताना सावध राहा: जुनं जागतिक 'इजफायनाइट' नलला खरं म्हणतं, कारण ते आधी त्याचा शून्य करतं. 'नंबर'च्या आतलं 'इजफायनाइट' वापरा, ते नलला खोटं म्हणतं. गाळताना जोडीने गाळा. नुसते य काढलेत आणि क्ष तसेच ठेवलेत तर पुढचे सगळे आकडे एका घराने सरकतात.

प्रश्न: रिलीजआधी उघड्या बगांचा आलेख काढतो. ट्रेंडलाइन जिथे शून्याला टेकते ती तारीख क्लायंटला कळवतो. दोनदा तारीख सपशेल चुकली. आतापर्यंत बंद केलेल्या एकूण बगांच्या आलेखावर तर आर-स्क्वेअर ०.९८ येतो. एवढी चांगली रेघ चुकते कशी?
(प्रोजेक्ट मॅनेजर, घणसोली)

उत्तर: आधी त्या ०.९८ बद्दल. आर-स्क्वेअर म्हणजे रेघ बिंदूंवर किती नीट बसते याचं माप, १ म्हणजे तंतोतंत. 'आतापर्यंत एकूण' हा आकडा कधी खाली येतच नाही. दर आठवड्यात मागच्या सगळ्या आठवड्यांची बेरीज असते, त्यामुळे शेजारचे बिंदू एकमेकांना बांधलेले राहतात. अशा कोणत्याही आलेखावर रेघ छान बसते. टीमने एक आठवडा चार बग बंद केले आणि पुढच्या आठवड्यात चौदा, तरी तो चढउतार त्या मोठ्या बेरजेत दिसत नाही. ट्रेंडलाइन लघुत्तम वर्गांची असते तेव्हा तिला स्वतंत्र नोंदी हव्या असतात. एकूणावर रेघ कधीही काढू नका, दर आठवड्याच्या आकड्यावर काढा.

आता तारीख. उघडे बग म्हणजे दोन वेगळ्या प्रवाहांतला फरक: नवे येणारे आणि बंद होणारे. समजा आज ६० उघडे आहेत. आठवड्याला ९ बंद होतात आणि ६ नवे येतात. निव्वळ घट ३, म्हणजे २० आठवडे. आता येणारे ६ ऐवजी ७ धरा: ३० आठवडे. ८ धरा: ६० आठवडे. येणाऱ्या बगांत दोनाचा फरक पडला आणि तारीख चाळीस आठवड्यांनी पुढे गेली. आठवड्याला सहा-सात बग येत असतील तर दोन-अडीचाचा फरक हा नुसत्या योगायोगानेही पडतो. अशा मोजणीच्या आकड्यांत साधारण त्यांच्या वर्गमूळाएवढी हेलकाव्याची जागा धरावीच लागते. तुमची तारीख चुकली यात टीमचा दोष असेलच असं नाही. त्या रेघेला एवढी अचूक तारीख सांगताच येत नव्हती.

म्हणून दोन रेघा काढा, येणाऱ्यांची एक आणि बंद होणाऱ्यांची एक. दोघींमधली फट वाढतेय की आटतेय ते बघा. क्लायंटला एक तारीख देण्याऐवजी दोन द्या: येणारे सर्वांत कमी धरून एक, सर्वांत जास्त धरून एक. क्लायंटला दोन तारखा आवडणार नाहीत, पण तिसऱ्यांदा चुकलेली एक तारीख त्याहून कमी आवडेल.

आणखी एक. मध्येच टीममध्ये चार माणसं वाढली किंवा टेस्टिंगची नवी फेरी सुरू झाली, तर त्या आठवड्यापासून नवी रेघ सुरू करा. आलेखावर तिथे उभी फिकट खूण द्या आणि कारण लिहा.

प्रश्न: आमच्या पाच आठवड्यांपैकी शेवटच्या आठवड्यात बिल्ड सर्व्हरची डिस्क भरली आणि सरासरी ५० मिनिटांवर गेली. ट्रेंडलाइन एकदम उभी झाली. तो बिंदू काढून टाकावा का?
(डेव्हऑप्स इंजिनिअर, तुर्भे)

उत्तर: काढू नका. आलेखावर तो दिसलाच पाहिजे, कारण ते घडलं आहे. रेघ मात्र वेगळ्या पद्धतीने काढा.

आपल्या उदाहरणातल्या शेवटच्या २० च्या जागी ५० घाला आणि पुन्हा हिशेब करा. सरासरी २१ होते, गुणाकारांची बेरीज ७८, चढ ७.८. एका आठवड्याने १.८ चे ७.८ झाले. लघुत्तम वर्गांत अंतराचा वर्ग होतो, त्यामुळे दूरचा एक बिंदू सगळ्यांना ओढतो. टोकाचा असेल तर जास्तच, कारण तरफेसारखी त्याची पकड लांबून असते.

याला थाइल-सेन पद्धत वापरा. हेन्री थाइल यांनी ती १९५० मध्ये मांडली आणि प्रणवकुमार सेन यांनी १९६८ मध्ये पुढे नेली. कल्पना इतकी साधी आहे की टीममधल्या कोणालाही पाच मिनिटांत समजावता येते. बिंदूंची प्रत्येक जोडी घ्या, त्या दोघांतून जाणाऱ्या रेघेचा चढ काढा, आणि सगळ्या चढांचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घ्या. पाच बिंदूंच्या दहा जोड्या. ५० असलेल्या आकड्यांवर चढ क्रमाने लावले तर असे येतात: −१, ०.५, १, १.३३, २, ३, ९.५, १२, १८.५, ३४. मधले दोन २ आणि ३, मध्यक २.५. मूळ २० असताना हाच मध्यक २ होता. म्हणजे डिस्क भरल्याने चढ २ वरून २.५ वर गेला, ७.८ वर नाही. सुरुवातीचा आकडा काढायला प्रत्येक बिंदूसाठी 'य वजा चढ गुणिले क्ष' करा आणि त्यांचाही मध्यक घ्या, इथे तो ९ येतो.

खर्च एवढाच की जोड्या झपाट्याने वाढतात: हजार बिंदूंच्या ४,९९,५०० जोड्या. ब्राउझरमध्ये तेवढ्या चालतात. दहा हजार बिंदू असतील तर आधी तासाचा किंवा दिवसाचा मध्यक काढून बिंदू कमी करा. बिघडलेले आठवडे साधारण २९ टक्क्यांच्या वर गेले तर ही पद्धतही हार मानते. पण दर तिसऱ्या आठवड्याला डिस्क भरत असेल तर तुम्हाला ट्रेंडलाइनची नाही, डिस्कची चिंता करायला हवी.

प्रश्न: कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मोरबे धरणाच्या पाणीपातळीचा डॅशबोर्ड करतोय. एका वर्षाच्या आकड्यांवर ट्रेंडलाइन वर जाते. मार्गदर्शकांनी जुलै ते जून घ्यायला सांगितलं तर तीच रेघ खाली येते. खरं काय?
(अभियांत्रिकीचे विद्यार्थी, नेरूळ)

उत्तर: दोन्ही रेघा बिनकामाच्या आहेत, आणि हे तुम्ही दोन्ही काढून बघितल्यामुळेच कळलं, हे चांगलं झालं.

नवी मुंबईला पाणी देणाऱ्या या धरणाचा आलेख करवतीच्या दातासारखा असतो. पावसाळ्यात झपाट्याने चढ, मग पुढच्या पावसापर्यंत सावकाश उतार. जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत घेतलंत की सुरुवातीला उतरती पातळी आणि शेवटी भरलेलं धरण, म्हणून रेघ वर. जुलैपासून घेतलंत की भरलेले महिने आधी येतात आणि उन्हाळा शेवटी, म्हणून रेघ खाली. पाणी तेच, कात्री कुठे लावली एवढाच फरक.

रेघ जिथे खरंच काही सांगते ते शोधा. १ नोव्हेंबर ते ३१ मे एवढाच उतार घ्या. पाऊस नाही, फक्त उपसा आणि बाष्पीभवन. या सात महिन्यांवरच्या रेघेचा चढ 'दिवसाला किती सेंटिमीटर' असा वाचता येतो, आणि तो दर वर्षाचा वेगळा काढून शेजारी ठेवला तर शहराची तहान वाढतेय का ते दिसेल. लांबचा कल हवा असेल तर प्रत्येक वर्षाची एकाच तारखेची पातळी घ्या, उदाहरणार्थ १ मार्चची, आणि त्या बिंदूंवर रेघ काढा. दहा वर्षांचे दहाच बिंदू मिळतील, पण ते दहा बिंदू एकमेकांशी तोलता येणारे असतील.

हाच नियम वेबसाइटच्या ट्रॅफिकला लागू होतो. तिथे हंगाम सात दिवसांचा असतो. शनिवार-रविवारी आकडे पडतात. सोमवारपासून पुढच्या रविवारपर्यंतच्या चौदा दिवसांची रेघ जवळजवळ नेहमीच खाली जाते, कारण शेवटी सुट्टी येते. आधी सात दिवसांची सरकती सरासरी काढा. एक्सेलची सरकती सरासरी मागचेच दिवस धरते, त्यामुळे ती तीन दिवस उशिरा वळते. ट्रॅफिक सोमवारी पडलं तर ती वळण गुरुवारी दाखवते. मागच्या-पुढच्या तीन-तीन दिवसांची मध्यवर्ती सरासरी घेतलीत तर हा उशीर जातो, पण मग शेवटचे तीन दिवस रिकामे राहतात. ते रिकामेच ठेवा.

प्रश्न: पायथनमध्ये प्लॉटली एक्स्प्रेसने तारखांच्या आलेखावर ट्रेंडलाइन काढली. चढ ०.०००००२९७६ दाखवतो. आठवड्याला १.८ मिनिटं यायला हवीत ना?
(डेटा अॅनालिस्ट, खारघर)

उत्तर: तेच आहे. प्लॉटली एक्स्प्रेस तारखेचे सेकंद करून रेघ बसवतं, म्हणून चढ दर सेकंदाचा आहे. आठवड्याच्या सेकंदांनी, म्हणजे ६,०४,८०० ने गुणा, १.८ मिळतील. ही सोय वापरायला स्टॅट्समॉडेल्स हे पॅकेज लागतं, सर्व्हरवर ते बसवायचं राहून जातं. नमपायच्या पॉलीफिटने तेच काढत असाल तर तिथे आधी चढ येतो, मग सुरुवातीचा आकडा. नवी पॉलीनोमियल पद्धत उलट क्रमाने देते, शिवाय आतल्या आत आडवा अक्ष बदलून ठेवते, 'कन्व्हर्ट' केल्याशिवाय तिचे आकडे वाचू नका. पोस्टग्रेसमध्ये हिशेब डेटाबेसमध्येच करायचा असेल तर रिग्रेशनच्या फंक्शनमध्ये आधी य, मग क्ष. तिथे नल असलेली जोडी आपोआप वगळली जाते.

प्रश्न: तुमच्या उदाहरणात आर-स्क्वेअर किती? तो चांगला असेल तर दहाव्या आठवड्यात बिल्डला किती मिनिटं लागतील हे छातीठोकपणे सांगता येईल का?
(टीम लीड, घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर: आर-स्क्वेअर ०.८१. रेघेपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज ७.६ आणि सरासरीपासूनच्या अंतरांची ४०. सात पॉइंट सहाला चाळीसने भागा आणि एकातून वजा करा.

दहाव्या आठवड्यात रेघ २७.६ वर आहे. छातीठोकपणे मात्र नाही. पाच बिंदूंवरून चढाची ९५ टक्के मर्यादा (खरा चढ बहुधा ज्या दोन आकड्यांच्या मध्ये असेल ती) काढली तर ती आठवड्याला ०.२ मिनिटापासून ३.४ मिनिटांपर्यंत पसरते. दहाव्या आठवड्यातल्या एका मोजणीसाठी तोच हिशेब सुमारे १५ ते ४० मिनिटं सांगतो. आर-स्क्वेअर ०.८१ असूनही. सध्याच्या बिंदूंपासून जितकं पुढे जाल तितका पट्टा रुंदावतो, आणि हे सगळं कल असाच सरळ राहील असं धरून. आलेखावर फक्त रेघ दाखवू नका, हा फिकट पट्टा तिच्या दोन्ही बाजूंना रंगवा. आम्ही तर म्हणू, पट्ट्याशिवाय भविष्यातली रेघ काढूच नका.

आर-स्क्वेअरवर विसंबण्याचं दुसरं संकट फ्रान्सिस अँस्कम यांनी १९७३ मध्ये दाखवून दिलं. त्यांनी अकरा-अकरा बिंदूंचे चार संच बनवले. चारही संचांत सरासरी तीच, रेघ तीच, आर-स्क्वेअर तोच, सुमारे ०.६७. आलेख काढला की एक साधा विखुरलेला कल, एक स्वच्छ वक्र, एकात एकच बिंदू रेघ वाकडी करणारा, आणि एकात जवळजवळ सगळे बिंदू एकाच उभ्या रांगेत. आणि कोणी एक्सेलमध्ये सहाव्या घाताची बहुपदी लावून आर-स्क्वेअर १ दाखवला तर आधी बिंदू मोजा. सात असतील तर ती प्रत्येक बिंदूतून जाणारच, आणि आठव्या आठवड्यात आलेखाच्या बाहेर उडी मारणार.

प्रश्न: युजरने आलेख झूम केला की ट्रेंडलाइन नव्याने मोजावी का, की पूर्ण काळाचीच ठेवावी?
(यूआय डेव्हलपर, कोपरखैरणे)

उत्तर: पूर्ण काळाचीच ठेवा. झूम करता करता रेघ हलत राहिली की माणूस नकळत स्वतःला हवा तो चढ दिसेपर्यंत कडा सरकवत बसतो. नव्याने मोजायचीच असेल तर वेगळं बटण द्या, ते दाबल्यावर जुनी रेघ फिकट होऊन राहू द्या आणि नवी तिच्यावर येऊ द्या.

लेजंडमध्ये (कोणती रेघ कशाची हे सांगणाऱ्या सूचीत) नुसतं 'ट्रेंड' असं लिहू नका. असं लिहा: 'कल: आठवड्याला +१.८ मिनिटं (०.२ ते ३.४), ६ जानेवारी ते ३ फेब्रुवारी, ५ नोंदी'. मोबाइलवर दोन ओळी होतात, होऊ द्या. युजर बिंदूवर बोट ठेवेल तेव्हा टूलटिपमध्ये मोजलेला आकडा आणि रेघेवरचा आकडा वेगवेगळे दिसले पाहिजेत. चार्ट डॉट जेएस दोन्ही डेटासेटना सारखंच वागवतं, म्हणून रेघेच्या ओळीपुढे 'अंदाज' हा शब्द टूलटिपच्या लेबल कॉलबॅकमध्ये स्वतः जोडावा लागतो.